तुझं खलास कुठल्या भाषेतलं?

ओवी, निहार,

मागच्या व्हिडिओ कॉलवर निहारने विचारलं, की आजीच्या किल्ल्यांच्या हुकाला शिट्टी का लटकवली आहे. तेव्हा दाराची बेल वाजली आणि उत्तर राहून गेलं. आता देते. ती शिट्टी रुकय्याआजीची आहे. तुम्ही दमामला आलात की सांदणं करून खाऊ घालणारी, निहारला खोबरच्या समुद्राकाठी पायाच्या आतल्या बाजूने बॉल मारायला शिकवणारी रुकय्याआजी. ती गेली, हे बाबाने तुम्हाला सांगितलं आहे. कशी गेली आणि त्याआधी काय झालं, हे त्यालाही पूर्ण ठाऊक नाही.

आत्ताच लिहिते, कारण तिच्या फुटबॉल संघातल्या मुलींचा नवा हंगाम सुरू होतोय आणि पहिल्या सामन्याआधी मी तिच्याविषयी दोन शब्द बोलावेत, असं त्यांचं म्हणणं आहे. इंग्रजीत. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. कुठल्याही विषयावर उभ्या उभ्या बोलू शकते. पण रुकय्याशी मी फक्त मराठीत बोलले, म्हणून आधी मराठीतच लिहून पाहते. आणि तिच्याविषयी नको, तिच्याशीच. तिचा नियम होता, माझ्यामागे काय बोलतेस, तोंडावर बोल. बाबाकडून मोठ्याने वाचून घ्या. कळलं नाही तिथे त्याला थांबवा.

रुकय्या,

आपली ओळख एका शब्दाने झाली. मी सौदीत नवी होते. आमच्या ह्यांना अबकैकच्या प्लांटवरून सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या, एका कागदासाठी मीच गेले होते. खिडकीतल्या माणसाने कागद पाहिला, शिक्का मारला, माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "खलास." मी बायकांच्या बाकावर येऊन बसले. ओढणीने डोळे पुसले. मी स्वतःशीच पुटपुटले, की संपलं सगळं, आता सामान बांधायचं. शेजारी काळ्या अबायात बसलेली बाई माझ्याकडे वळली आणि चक्क मराठीत बोलली.

"अगो बाय, रडतेस कशाला? खलास म्हंजे काम झालं. मेलं नाय कोण."

आपण दोघी इतक्या हसलो, की पहारेकऱ्याने येऊन आपल्याला गप्प केलं. तू रत्नागिरीजवळच्या खाडीवरची, मी पुण्याची. तुझे गफूरभाई मसाल्याचे व्यापारी, माझे हे इंजिनियर. गावी असतो तर आपण एका बाकावर कधी बसलो असतो, कुणास ठाऊक. तू माझ्यासाठी वेगळा तवा ठेवलास. मी तुझ्या मुलाचं इंग्रजी घेतलं. तेव्हापासून आपल्यात खलास हा शब्द दोन तोंडांचा झाला. एका, अरबी तोंडाने ठरलं, झालं, छान. दुसऱ्या तोंडाने संपलं, मेलं. तू तो कधी कुठल्या तोंडाने वापरतेस, हे मला नेहमी कळायचं. एकदा सोडून.

त्या एकदाचंच मला तुझ्याशी बोलायचं आहे.

मी शिकवते त्या मुलींच्या कॉलेजात फुटबॉलचा संघ काढायचा म्हटल्यावर बैठकीत सगळ्या प्राध्यापिकांनी आपापल्या पेनाची टोपणं तपासायला घेतली होती. काही वर्षांपूर्वी जे बोलायचीही सोय नव्हती, ते आता करायचं होतं, आणि फसलं तर खापर कुणाच्या डोक्यावर, हा प्रश्न होता. तू इंडियन स्कूलमधली खेळाची नोकरी सोडून आमच्याकडे नुकतीच आली होतीस. तू हात वर केलास. मी वेळापत्रक सांभाळणारी. मैदान कधी मोकळं, बस कधी, परीक्षा कधी, ते मी बघेन म्हटलं. बाहेर आल्यावर तू मला चिमटा काढलास, की शैलाबाय, तू कागदावर खेळ, मी मातीत खेळते.

व्यवस्थापनाची अट साधी होती. पहिल्या हंगामातले सगळे सामने खेळायचे. एकदाही मैदानावर न उतरता सामना सोडला, तर पुढच्या वर्षी संघ नाही. आणि लीगचा नियम असा, की नोंदणी झालेली प्रशिक्षक बाकावर हवीच. ती नसेल तर संघाला उतरता येत नाही. आमच्याकडे नोंदणी झालेली एकच होती, तू.

मी हंगाम म्हणायचे, तू मोसम. मी तुला दुरुस्त करायचे, की मोसम आंब्याचा असतो. तर कप्तान हेसा, आपली गोलकीपर, मध्ये पडली. अरबीत याला मौसिमच म्हणतात, मिस. तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग महिनाभर तू मला घरच्या कैऱ्यांबद्दल विचारत होतीस, हंगाम कसा आहे म्हणून.

पहिला सामना आपण असा हरलो, की गोल मोजणं मी मध्येच सोडलं. मुली बसमध्ये रडत होत्या. तू त्यांना ओरडली नाहीस, समजावलंही नाहीस. हेसाचे हातमोजे मागून घेतलेस, मांडीवर उलटे केलेस आणि म्हणालीस, की बघा, आतून अजून कोरडे आहेत, म्हणजे हिने बॉलला नीट हात लावलाच नाही. सगळ्या हसल्या. हेसा सगळ्यांत जास्त. पुढच्या सामन्यात तिने एक पेनल्टी अडवली आणि मोजे काढून तुझ्या तोंडासमोर धरले. ओलेचिंब होते.

हफ्र अल बातिनच्या दौऱ्यात मला कळलं. जाताना तू वाळवंटभर मुलींना अंताक्षरी शिकवत होतीस, अरबीतली. तिथल्या मैदानावर पोचल्यावर प्रेक्षकांच्या पायऱ्या चढताना तू अर्ध्यात थांबलीस. बुटाची नाडी बांधायला वाकलीस असं वाटलं. पण तुझ्या बुटांना नाड्या नव्हत्या. मी जवळ आले तर तुझे ओठ जांभळे झाले होते. तू म्हणालीस, धूळ गेली घशात.

परतीच्या बसमध्ये मी तुला सोडलं नाही. तुझ्या हृदयाची झडप खराब झाली आहे, डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करायला सांगितलंय, आणि तू त्यांना शेवटच्या सामन्यानंतरचं सांगून आली आहेस, हे सगळं मी तुझ्याकडून ओढून काढलं. आपण मराठीत भांडत होतो, म्हणून मुलींना कळणार नाही अशी दोघींची खात्री होती. तू म्हणालीस, की मी उठले तर टीम बसली. मी म्हटलं, टीम पुन्हा उभी करता येते. तू म्हणालीस, इथे? पुन्हा? कोण हात वर करणार गो? मुद्दा हातातून सुटला की माझा आवाज चढतो, हे तुला माहीत होतं.

"असा हट्ट करशील तर खलास होशील, रुकय्या."

पुढच्या सीटांवरून हेसा आणि आणखी चार डोकी वळली. आपल्या अख्ख्या भांडणातला तेवढा एकच शब्द त्यांचा होता. हेसाने विचारलं, "मिस, काय खलास?"

तू क्षणभरही अडखळली नाहीस. "आमचं भांडण," म्हणालीस. "आमचं भांडण खलास. झोपा आता."

डोकी पुढे वळली. पण हेसा झोपली नाही. खिडकीच्या काचेत तिचे डोळे मला दिसत होते.

त्यानंतरचे आठवडे मी तुझ्यावर पाळत ठेवली. तुला ते आवडलं नाही. सरावाच्या वेळी मी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून वह्या तपासत बसायचे आणि तू मला ऐकू जाईल अशा आवाजात मुलींना सांगायचीस, की ती बघा, आपली रुग्णवाहिका. तू धावणं बंद केलंस, पण ओरडणं वाढवलंस. गफूरभाईंनी मला दुकानातून फोन केला. एरवी ते फोनवर आधी सगळ्यांची खुशाली विचारतात. त्या दिवशी थेट म्हणाले, "भाभी, तुम्हीच सांगा तिला. माझं ऐकत नाय." त्यांच्या मागे मिरच्या कांडायचं यंत्र चालू होतं. ते बंद करून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं.

मी मला येतं ते केलं. नोंदणी झालेल्या दुसऱ्या प्रशिक्षकाचा शोध घेतला. रियाधमध्ये एक ट्युनिशियन बाई सापडली. मी तिला भेटायला रेल्वेने गेले, तिथल्या बत्हा भागातल्या एका खाणावळीत तिच्यासमोर बसून आपल्या संघाचं पूर्ण वर्णन केलं, आणि तिने शेवटच्या सामन्यासाठी यायचं कबूल केलं. कागदपत्रं झाली. नेमकी हॉस्पिटलमध्येही जागा मिळाली. शेवटचा सामना ज्या दिवशी, त्याच दिवशी सकाळी दाखल व्हायचं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, ही तारीख सोडू नका.

शुक्रवारची दुपार होती. गफूरभाई नमाजाहून परतून आत पडले होते. तू माझ्या तव्यावर माझ्यासाठी घावणी घालत होतीस. मी सगळं क्रमाने सांगितलं, तुझ्या भाषेत कागदावर खेळले. ट्युनिशियन बाई बाकावर बसेल. तू सकाळी दाखल होशील. सामना होईल, संघ राहील, तूही राहशील. ठरलं ना?

तू घावणं उलटलंस. पाठ माझ्याकडेच होती.

"खलास," म्हणालीस.

मी काय ऐकलं, ते तुला सांगते. मी ऐकलं, ठरलं. इकाम्याच्या खिडकीतलं खलास. माझे डोळे भरून आले आणि मी घावण्याला नावं ठेवली, जाळी नीट पडली नाही म्हणून. घरी येऊन ह्यांना सांगितलं, की ऐकलं एकदाचं. रात्री किती दिवसांनी नीट झोपले.

सामन्याच्या दिवशी दुपारी गफूरभाईंचा फोन आला. ते हॉस्पिटलात होते. तुझ्यासाठी चहा घेऊन वर गेले तर पलंग रिकामा होता.

"भाभी, रुकय्या तुमच्याकडे आलीय काय?"

मी त्यांना खरं सांगितलं, की नाही, पण कुठे आहे ते मला माहीत आहे. मैदानाकडे जाताना टॅक्सीत मी ट्युनिशियन बाईला फोन लावला. रियाधला सकाळपासून धुळीचं वादळ होतं, गाड्या अडकल्या होत्या. तिने सकाळीच तुला फोन करून कळवलं होतं. मला नाही, तुला. म्हणजे तू गेलीस ती नाइलाजाने. इथवर माझ्या मनात सरळ होतं.

मैदानावर मुली रांगेत उभ्या होत्या. तू बाकावर बसली होतीस, अबायाखाली हॉस्पिटलचा गाऊन आणि पायात बिननाडीचे बूट. मनगटावर हॉस्पिटलचा पट्टा होता. तो तू बाहीत सरकवला होतास. मी समोर येऊन उभी राहिले.

"ऊठ. चल," मी म्हटलं.

"बस गो. मुली बघतायत."

"मी पंचांना सांगते, तू आजारी आहेस."

तू वर पाहिलंस. तू चिडशील असं मला वाटलं होतं. तू चिडली नाहीस.

"सांग," म्हणालीस. "तुझ्या हातात आहे. मग मुली न खेळता हरतील, आणि मी तुझ्यासोबत येईन. वचन देते."

पंच मैदानाच्या मध्यावर नाणं काढत होत्या. दहा पावलं चालले असते तर झालं असतं. हेसा आपल्या दोघींकडे पाहत होती, मोजे चढवायचे थांबवून. त्या बसपासून तिला कळलेलं होतं, हे मला तिथे समजलं. मी तुझ्या शेजारी बसले आणि तुझं मनगट हातात धरलं, पट्ट्याच्या जरा वर, जिथे नाडी लागते.

तो सामना मी पाहिला नाही. मी तो तुझ्या मनगटात मोजला. आपला गोल झाला तेव्हा नाडी एकदम उसळली आणि मी म्हटलं, पुरे, आता शांत बस. तू म्हणालीस, नाडीला सांग. त्यांनी बरोबरी केली तेव्हा दोन ठोके राहून गेले. मी तुझ्याकडे पाहिलं, तू हेसाकडे पाहत होतीस आणि ओठ हलवत होतीस. दुआ म्हणतेस असं वाटलं. कान दिला तर तू म्हणत होतीस, पुढे ये, पुढे ये, लाइनवर काय चिकटलीस पालीसारखी. हेसाला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. ती पुढे आली. शेवटचा फटका तिच्या छातीवर आदळला आणि तिने बॉल असा कवटाळला, जणू कुणी तो हिसकावून घेणार आहे.

शिट्टी झाली. बरोबरी. सगळे सामने खेळून झाले होते. हेसा धावत आली आणि तुझ्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"खलास, मिस. मौसिम खलास. आता जा."

तू उठलीस ती तिच्या खांद्यावर हात ठेवून. गाडीपर्यंत अख्खा संघ तुझ्या दोन्ही बाजूंनी चालला, घामेजलेला. शिट्टी तू माझ्या पर्समध्ये टाकलीस. म्हणालीस, हॉस्पिटलात हरवेल.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी झालं. आम्ही बाहेर बसलो होतो, गफूरभाई, तुझा मुलगा इम्रान आणि मी. दार उघडलं, नर्स बाहेर आली, मास्क खाली केला आणि दमलेल्या आवाजात म्हणाली, "खलास." इतकी वर्षं या देशात काढून, तुझ्याकडून शिकून, मी पुन्हा पहिल्या दिवशीच्या बाकावर जाऊन बसले. मी रडू लागले. इम्रानने मला धरलं. गफूरभाई माझ्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांना उमगलं.

"भाभी, ऑपरेशन झालं म्हणतेय ती. झालं. मेलं नाय कोण."

तुझंच वाक्य. त्यांना ठाऊकही नसेल की ते तुझं आहे. किंवा तुलाच ते त्यांच्याकडून आलं असेल. आम्ही तिघं हसलो आणि पहारेकरी आला.

तू शुद्धीवर आलीस, बोललीस. मला पाच मिनिटांपुरतं आत सोडलं. मला विचारायचं होतं, कारण तोवर गफूरभाईंनी एक गोष्ट सांगितली होती. ते बूट. हॉस्पिटलला निघायच्या आदल्या संध्याकाळी तू स्वतः बॅग भरलीस आणि तळाशी मैदानावरचे बूट आणि शिट्टी ठेवलीस. तेव्हा रियाधला वादळ नव्हतं. ट्युनिशियन बाईचा फोन अजून यायचा होता. म्हणजे शुक्रवारी तव्याकडे बघत तू म्हणालीस ते ठरलं नव्हतं. ते होतं, हा विषय संपला, शैलाबाय, आता बोलू नकोस. आपलं गावचं खलास. किंवा तसंही नसेल. तू कुठेही निघालीस तरी शिट्टी बरोबर घ्यायचीस. इम्रानच्या निकाहातही ती तुझ्या पर्समध्ये होती. दोन्ही खरं असू शकतं. मला विचारायचं होतं आणि तू म्हणालीस, जर्सी गरम पाण्यात टाकू देऊ नकोस, रंग जाईल. मी बरं म्हटलं. उद्या विचारू असं ठरवलं. मग ताप चढला, आणि त्यानंतर तू बोलली नाहीस.

मी डॉक्टरांना विचारलं, की आधी केलं असतं तर? ते म्हणाले, मॅडम, मला सांगता येणार नाही. मी त्यांच्यावर चिडले नाही. मी तुझ्यावर चिडले. अजूनही चिडलेली आहे. सकाळी किल्ली काढताना शिट्टीचा आवाज होतो आणि मी मनात म्हणते, एवढं काय अडलं होतं गं. आणि कॉलेजात पोचेपर्यंत मैदानावर कुणीतरी बॉल मारत असतं, आणि मला उत्तर मिळतं, आणि ते मला नको असतं.

तुला इथेच मातीत ठेवलं. आम्ही बायका घरी बसलो. गफूरभाई परत आले, त्यांच्या चपलांना बारीक वाळू होती. मी विचारलं, जागा कशी ओळखायची? ते म्हणाले, इथे नाव लिहीत नाहीत भाभी, साधा दगड असतो, सगळ्यांना सारखाच. मला वाईट वाटलं. त्यांना नाही वाटलं. म्हणाले, रुकय्याला चालेल. तिला रांगेत उभं राहायला आवडायचं. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि माझा तवा एका पिशवीत घालून माझ्या हातात दिला. मी तो घेतला नाही. तो तिथेच असू दे म्हटलं, मी येईन.

मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मैत्रिणींत मानत नाहीत. तू मला गाडी चालवायला शिकायला लावलंस आणि मी नापास झाल्यावर साऱ्या दमामला सांगितलंस. इकाम्याच्या त्या बाकावर तू बोलली नसतीस तर मी त्या वर्षीच पुण्याला परतले असते. मी इथे राहिले ती तुझ्यामुळे, आणि आता तू नसताना इथे आहे, हे जरा उलटंच झालं.

पहिल्या सामन्याआधी मी मुलींना काय सांगेन, ते अजून ठरलेलं नाही. झडपेबद्दल सांगणार नाही. त्यांना माहीत आहे. शुक्रवारच्या घावण्याबद्दल सांगणार नाही. ते आपल्या दोघींचं आहे. ओवी आणि निहारला सांगितलं, कारण ते लांब आहेत आणि त्यांना घावणी आवडतात. कदाचित मी फक्त शिट्टी हेसाला देईन. तिने प्रशिक्षकाचा कोर्स पूर्ण केला. आता नोंदणी झालेल्या दोघी आहेत, ती आणि ट्युनिशियन बाई. एकीला ताप आला तर दुसरी बाकावर बसेल. हे आधी करायला हवं होतं, असं तू म्हणशील, आणि मी म्हणेन, तुझ्याआधी हात कुणी वर केला होता?

काल लीगचा कागद आला. तो माझ्याच टेबलावर येतो. नव्या मोसमाच्या वेळापत्रकात आपल्या कॉलेजचं नाव आहे. मी दोनदा वाचलं. आहे.